कॅमेऱ्याचे दिवस सरले का? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

सोलापूरच्या वाचकांकडून कॅमेऱ्याविषयी आलेली पत्रे एवढी साठली होती, की या अंकातील सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वडिलांनी नवी पेठेत सुरू केलेला फोटो स्टुडिओ आता मी चालवतो. रोल धुवायला टाकण्यासाठी गर्दी होत असे ते दिवस मी पाहिले आहेत. नंतर डिजिटल आले, तेही आम्ही निभावले. आता मात्र पासपोर्ट फोटोचे गिऱ्हाईकही तुटले आहे आणि बारसे, साखरपुडा यांचे फोटो लोक फोनवरच उरकतात. मुलगा म्हणतो, दोन्ही डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे, आत आरसा असलेले कॅमेरे) विकून टाका आणि गाळा भाड्याने द्या. कॅमेऱ्याचा धंदा खरोखरच संपला आहे का?

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यातले खरे अर्धे कोणते ते आकड्यांवरून दिसते. जपानी कॅमेरा उत्पादकांची ‘सीपा’ या नावाने ओळखली जाणारी संघटना कारखान्यांतून बाहेर पडलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांची मोजदाद दरवर्षी प्रसिद्ध करते. २०१० साली हा आकडा सुमारे १२ कोटी १५ लाख होता आणि २०२३ साली तो सुमारे ७७ लाखांवर आला. एवढेच वाचले तर गाळा भाड्याने देणेच शहाणपणाचे वाटेल. परंतु हे दोन आकडे फोडून पाहावे लागतात. २०१० मधील कॅमेऱ्यांपैकी जवळपास १० कोटी ८६ लाख कॅमेरे हे लेन्स न बदलता येणारे, खिशात किंवा पर्समध्ये मावणारे साधे कॅमेरे होते, आणि २०२३ मध्ये त्यांतले जेमतेम १७ लाख उरले. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव गेले. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा उच्चांक २०१२ सालचा, सुमारे दोन कोटींचा होता, आणि २०२३ मध्ये ते ६० लाखांच्या आसपास होते. ही घटही मोठीच आहे, पण पहिल्या प्रकाराला नामशेष होणे म्हणता येईल, तर दुसऱ्या प्रकारात हौशी ग्राहक गळाला आणि काम करणारा ग्राहक उरला. २०२४ साली तर एकूण आकडा थोडा वर सरकून ८५ लाखांच्या जवळ गेला.

या घसरणीविषयी बोलताना बहुतेक जण कोडॅकचे उदाहरण देतात आणि तिथेच गल्लत होते. कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र शंभर गुणिले शंभर टिंबांचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. कंपनीने हा शोध दाबून ठेवला म्हणून ती बुडाली, असे तात्पर्य आजकाल प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते. वस्तुस्थिती अशी, की २००५ साली अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. फिल्म, कागद आणि रसायने यांच्यावर पुन्हा पुन्हा मिळणारा नफा कॅमेऱ्याच्या एकदाच होणाऱ्या विक्रीतून भरून निघत नव्हता, ही खरी अडचण होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो प्रामुख्याने फिल्म गेल्यामुळे. फोनचा आघात वेगळा आणि त्या मागोमाग आलेला आहे. पहिल्या आघाताने रोल आणि मिनी-लॅब नेली, दुसऱ्याने घरोघरचा छोटा डिजिटल कॅमेरा नेला. आपल्या स्टुडिओने पहिला आघात सोसला, कारण कॅमेरा धरणारा माणूस तेव्हाही लागतच होता. दुसऱ्या आघातात गिऱ्हाईकच छायाचित्रकार झाले, आणि म्हणून तो अधिक जिव्हारी लागला.

फोन जिंकला तो चित्राच्या दर्जावर नव्हे, हे व्यावसायिकाने विशेष लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीने जपानमध्ये आणलेल्या फोनचा कॅमेरा ०.११ मेगापिक्सेलचा होता आणि त्याचे सारे आकर्षण काढलेले चित्र तिथल्या तिथे पाठवता येण्यात होते. २००७ च्या पहिल्या आयफोनच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ना फ्लॅश होता ना चलचित्रण, आणि त्याच वेळी दुकानातील साधे डिजिटल कॅमेरे त्याच्या तिपटीहून अधिक मेगापिक्सेलचे होते. तरीही कार्ड काढा, ते संगणकाला लावा, फोटो उतरवून घ्या आणि मग ईमेलने पाठवा, हा द्राविडी प्राणायाम फोनने संपवला. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि उरलेले कारणही नाहीसे झाले. कॅमेरा कंपन्यांनी या एका गोष्टीकडे फार उशिरा लक्ष दिले, असे माझे मत आहे. निकॉनने २०१७ साली चीनमधील वूशी येथील कारखाना बंद करताना स्मार्टफोनचा उल्लेख केला, कॅसिओने २०१८ मध्ये साध्या कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतले आणि ऑलिंपसचा कॅमेरा विभाग जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या कंपनीकडे गेला.

पासपोर्ट फोटोचे गिऱ्हाईक मात्र केवळ फोनने नेलेले नाही. आधार नोंदणीच्या केंद्रात आणि पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो आता खिडकीवरच घेतला जातो. ते काम परत येईल, अशी आशा धरू नये.

मग राहते काय? लग्नकार्य राहते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. मंगल कार्यालयातील मंद प्रकाश, एकदाच घडणारा क्षण आणि तो हुकला तर परत न घेता येणे, या तीन गोष्टींमुळे तिथे लोक अजून पैसे मोजतात. परंतु सोलापुरात आणखी एक काम स्टुडिओच्या दारात उभे आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. या शहरात टॉवेल, चादरी आणि शाळांचे गणवेश तयार होतात आणि यांतील पुष्कळ माल आता फोटो पाहून विकला जातो. फोनवर काढलेल्या फोटोत मरून रंगाचा टॉवेल एका चौकटीत तपकिरीकडे आणि दुसरीत गुलाबीकडे झुकतो, कारण फोन प्रत्येक चौकटीची रंगसंगती नव्याने ठरवतो आणि ती डोळ्यांना सुखद दिसावी असा प्रयत्न करतो. गणवेशाच्या व्यापाऱ्याला सुखद रंग नको असतो. शाळेने ठरवलेली निळ्याची जी छटा आहे, तीच त्याला हवी असते, आणि ती चुकली तर माल परत येतो. एकाच प्रकारचे दोन दिवे, करड्या रंगाचे कार्ड ठेवून हाताने ठरवलेला व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे अशी रंगांची जुळणी), ट्रायपॉड आणि सर्व चौकटींना एकच एक्स्पोजर (प्रकाशाचे माप), एवढ्यावर हे काम होते. टॉवेलचा पोत उठून दिसण्यासाठी एक दिवा अगदी बाजूने, कापडाला घासून जाईल असा लावावा. यासाठी लागणारी सारी सामग्री आपल्याकडे आधीच आहे, आणि तरुण स्पर्धकाकडे नसलेली गोष्ट, म्हणजे दिवे लावण्याचा हात, तोही आहे.

डीएसएलआर विकण्याविषयी : २०२० पासून कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली आहे, त्यामुळे जुन्या बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) आता फारशी किंमत येणार नाही. दोन्ही बॉडी वापरून झिजवाव्यात, हे बरे. पुढे मिररलेस घ्यावासा वाटला तर लेन्स आधी विकू नयेत. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मिररलेसला जोडणाऱ्या कडीवर, म्हणजे अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या बाबतीत मात्र बॉडीतील मोटरवर अवलंबून असणाऱ्या जुन्या लेन्सना एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, हे तपासूनच निर्णय घ्यावा. कर्ज काढून महागडी बॉडी मात्र मुळीच घेऊ नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्या फोनमध्ये २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तर मामांकडील फुल-फ्रेम कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. तरीही मोठ्या प्रिंटमध्ये त्यांचा फोटो उजवा दिसतो. मेगापिक्सेल जास्त असूनही असे का व्हावे? (अशोक चौक)

उत्तर : कारण मेगापिक्सेल ही टिंबांची संख्या आहे, आणि चित्र मात्र टिंबांवर पडलेल्या प्रकाशाचे होते. आपल्या मामांच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा आहे. चांगल्या फोनमधील मुख्य सेन्सर साधारण १० गुणिले ७ मिलिमीटरचा, म्हणजे सत्तर-बहात्तर चौरस मिलिमीटरचा असतो. बाराव्या हिश्श्याच्या जागेत आठपट टिंबे बसवायची, तर प्रत्येक टिंब किती लहान करावे लागेल, याचा हिशेब आपण सहज कराल. अशा २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एका टिंबाची बाजू ०.६ मायक्रॉनच्या आसपास येते आणि मामांच्या कॅमेऱ्यात ती ६ मायक्रॉनच्या जवळ असते. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ०.६ ते ०.७ मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या फोनमधील टिंब प्रकाशाच्या एका लाटेएवढेच आहे. इतक्या लहान टिंबांकडून वेगवेगळा तपशील मिळवायचा तर लेन्सही तेवढीच काटेकोर लागते, आणि फोनच्या जाडीत ती बसत नाही. म्हणून उत्पादक स्वतःच शेजारची सोळा टिंबे मिळून एक धरतात आणि २०० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो भरपूर ऊन आणि स्थिर हात असल्याशिवाय कामाला येत नाही.

दुसरा हिशेब लेन्सच्या तोंडाचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा (अ‍ॅपर्चरचा). जाहिरातीत फोनचे अ‍ॅपर्चर एफ १.८ असे लिहिलेले असते आणि मामांच्या ५० मिलिमीटर लेन्सवरही तेच लिहिलेले असू शकते. परंतु हा आकडा नाभीय अंतर आणि छिद्र यांच्या गुणोत्तराचा आहे, प्रत्यक्ष छिद्राचा नव्हे. ५० ला १.८ ने भागले तर छिद्राचा व्यास जवळपास २८ मिलिमीटर येतो. फोनच्या मुख्य लेन्सचे खरे नाभीय अंतर सहा-सात मिलिमीटर असते, त्यामुळे तिचे छिद्र चार मिलिमीटरलाही पोहोचत नाही. पार्श्वभूमी विरघळणे हे या व्यासाचे फळ आहे. फोनमध्ये ते निसर्गतः मिळत नाही, म्हणून २०१६ च्या सुमारास लोकप्रिय झालेल्या ‘पोर्ट्रेट’ पद्धतीत फोन माणसाची कड ओळखतो आणि तिच्याबाहेरचे सारे गणिताने पुसट करतो. ही कड चुकली, की नवरीच्या कपाळावरून खाली आलेल्या मुंडावळ्यांची एक सर मध्येच धूसर होते किंवा चष्म्याची काडी गालात विरघळून जाते. आपल्या घरातील लग्नाचे फोटो या दृष्टीने एकदा मोठे करून पाहावेत.

याचा अर्थ मामांचा कॅमेरा सर्वत्र श्रेष्ठ आहे, असा मात्र नाही. खिडकीच्या उन्हात बसलेल्या माणसाचा चेहरा आणि बाहेरचे आकाश हे दोन्ही एकाच चित्रात नीट आणणे फोनला अधिक सहज जमते, कारण तो क्षणात अनेक चौकटी घेऊन त्यांचा मेळ घालतो. जगात वर्षाला शंभर कोटींहून अधिक स्मार्टफोन विकले जातात, त्यामुळे त्यांच्या सॉफ्टवेअरवर होणारा खर्च कॅमेरा कंपन्यांच्या आवाक्यात नाही. शिवाय १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो १३ गुणिले १० इंचांच्या प्रिंटला पुरतो. आणखी एक गोष्ट आपल्याला कदाचित आश्चर्याची वाटेल. पूर्वीच्या बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर अवघा २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास होता, म्हणजे आजच्या चांगल्या फोनच्या निम्म्याहूनही लहान. फोनने त्यांना नुसत्या सोयीवर नव्हे, तर पुढे पुढे भौतिकशास्त्रावरही मागे टाकले. मामांच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते अद्याप घडलेले नाही.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रात्री फोनवर काढलेले फोटो मी प्रत्यक्ष पाहिले त्यापेक्षाही उजळ येतात. जुन्या कॅमेऱ्यावरचे फोटो काळोखे असत, पण ते मला अधिक खरे वाटतात. यांतील खरे कोणते मानावे? शिवाय होम मैदानावरील दारूकामाचे (आतषबाजीचे) फोटो फोनवर बिघडतात, ते का? (बाळीवेस)

उत्तर : अंधारात फोन एक फोटो काढत नाही. तो लागोपाठ अनेक चौकटी टिपतो, हाताच्या कंपामुळे सरकलेल्या चौकटी एकमेकींवर बसवतो, त्यांची सरासरी काढून दाणेदारपणा घालवतो आणि मग सावल्या उचलतो. २०१८ साली गुगलच्या पिक्सेल फोनांमध्ये ‘नाइट साइट’ आल्यापासून ही पद्धत सर्वत्र पसरली. डोळ्यांना अंधारात रंग नीट दिसत नाहीत, पण सेन्सरला पुरेसा वेळ दिला तर दिसतात. त्यामुळे असे चित्र डोळ्यांनी पाहिल्यापेक्षा उजळ असले, तरी ते खोटे ठरत नाही. जुना कॅमेराही तटस्थ नव्हताच. त्याचे प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चाले, आणि म्हणूनच यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दुपारी पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या भक्तांचा समुदाय त्यात मळकट उमटे. अनुभवी छायाचित्रकार एक पायरी जास्त प्रकाश देऊन तो दोष काढून टाकत.

सीमारेषा माझ्या मते दुसरीकडे आहे. लेन्समधून आलेला प्रकाश कितीही गोळा करावा, गाळावा किंवा उजळावा, तो फोटोच राहतो. लेन्समधून न आलेला तपशील आत घातला, की तो फोटो राहत नाही. २०२३ साली एका नामांकित फोनवर हा वाद गाजला. चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला असता, फोनने त्यात पडद्यावर नसलेला तपशील भरून दाखवला. यात्रेच्या मिरवणुकीचा फोटो हा पुढे दस्तऐवज होतो. नंदीध्वजांच्या काठ्या कोणी पेलल्या, मार्गावर तेव्हा कोणती दुकाने होती, हे पन्नास वर्षांनी कोणी त्यातून वाचेल. म्हणून असे फोटो काढताना चेहरे ‘सुंदर’ करणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात आणि फोन रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) देत असेल तर तीही जपावी.

दारूकामाचा प्रश्न सरळ आहे. रात्रीची पद्धत स्थिर दृश्यासाठी बनलेली आहे. ती हलणाऱ्या ठिणग्यांना अनेक चौकटींमधील गोंधळ समजते आणि त्या पुसते किंवा तोडते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचे माप) १०० ठेवावा, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ आणि शटर दोन ते चार सेकंद. फोकस आधीच दूरच्या दिव्यावर बसवून कुलूपबंद करावा. फोनमध्ये ‘प्रो’ पद्धत असेल तर आयएसओ आणि शटर तिथेही हाताने ठरवता येतात, फक्त फोनमध्ये एफ ८ ते ११ मिळत नसल्यामुळे शटरचा वेळ कमी ठेवावा लागेल आणि फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेवावा लागेल.

प्रश्न : हिवाळ्यात हिप्परगा तलावावर आणि कधी उजनीच्या पाणलोटावर पक्षी पाहायला जातो. फोनवर शंभरपट झूम आहे, तरी पक्ष्यांचे फोटो रंगवलेल्या चित्रासारखे दिसतात. मोठी लेन्स खूप महाग आहे. काही मधला मार्ग आहे का? (होटगी रस्ता)

उत्तर : शंभरपट झूममध्ये खरे भिंगाचे झूम पहिल्या तीन ते पाच पटींपर्यंत, फार तर दहा पटींपर्यंत असते. त्यापुढे फोन मधला तुकडा कापून मोठा करतो आणि हरवलेली पिसे अंदाजाने रंगवतो. आपल्याला दिसणारा रंगकाम केल्यासारखा पोत तिथून येतो. पक्षीचित्रणात रूढ असलेली १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स एफ ६.३ वर ६०० ला पोहोचते, तेव्हा तिचे छिद्र ९५ मिलिमीटरचे असते. कोणत्याही फोनच्या पाठीवर एवढी काच बसणे शक्य नाही, आणि फोनच्या युगातही ही लेन्स टिकून राहण्याचे कारण एवढेच आहे.

मधला मार्ग आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. निकॉनने २०१८ साली आणलेल्या पी १००० या एकसंध कॅमेऱ्यात १२५ पट झूम होते, म्हणजे ३००० मिलिमीटरच्या तोडीचा पल्ला. मात्र त्याचा सेन्सर जुन्या छोट्या कॅमेऱ्यांएवढाच होता. भर उन्हात स्थिर बसलेला पक्षी ओळखण्यापुरता त्यात छान येतो, पण पहाटे उडणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी त्यात मनासारखे येत नाहीत. जुनी डीएसएलआर बॉडी आणि ७० ते ३०० मिलिमीटरची वापरलेली लेन्स हा मला अधिक समाधानकारक तोडगा वाटतो. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, सेन्सरवर तिचा पल्ला ४५० मिलिमीटरच्या तोडीचा होतो आणि लोक मिररलेसकडे वळल्यामुळे अशा वस्तू आता पडत्या भावात निघतात. विकत घेण्यापूर्वी लेन्समधून दिव्याकडे पाहून बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी.

आपल्याकडील हवेविषयीही सांगितले पाहिजे. मार्चनंतर नान्नजच्या माळावर किंवा तलावाच्या काठावर सकाळी नऊच्या पुढे जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते, आणि मग दूरचे काळवीट लाखांच्या लेन्समधूनही लहरताना दिसते. तिथे उपकरण बदलून उपयोग नसतो, वेळ बदलावी लागते. पैसे मोजकेच असतील, तर मी आधी आठपट मोठे दाखवणारी चांगली दुर्बीण घेईन आणि फोटोचा नाद वर्षभर पुढे ढकलीन. पुष्कळ छायाचित्रकारांना हा सल्ला रुचणार नाही.

प्रश्न : घरात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा पडून होता. तो भंगारात द्यावा म्हटले, तर कॉलेजात जाणारी भाची म्हणते, असे कॅमेरे पुन्हा फॅशनमध्ये आहेत. खरे काय? (सात रस्ता)

उत्तर : भाचीचे म्हणणे खरे आहे. फोनच्या अति नितळ चित्रांना कंटाळलेली तरुण पिढी त्या काळच्या थेट फ्लॅशचे, थोडे भडक फोटो हौसेने काढते आहे. या कॅमेऱ्याचे फोटो श्रेष्ठ आहेत, असा जो दावा समाजमाध्यमांवर दिसतो, त्यात अर्थ नाही. ते वेगळे आहेत आणि तेवढे कारण हौसेला पुरेसे आहे. कॅमेरा देण्यापूर्वी बॅटरी काढून पाहावी. ती फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नये आणि ई-कचऱ्यातच द्यावी. फार जुन्या कॅमेऱ्यांत २ जीबीपेक्षा मोठी कार्डे चालत नाहीत, आणि कार्ड एक्सडी किंवा मेमरी स्टिक प्रकारचे असेल तर ते आता सहज मिळणार नाही, म्हणून आत असलेले कार्ड फेकू नये. त्यातील जुने फोटो आधी उतरवून घ्यावेत.

प्रश्न : आजोबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या निगेटिव्ह आणि पुढे मुलांच्या बारशांचे रंगीत रोल पत्र्याच्या पेटीत ठेवलेले आहेत. दुसरीकडे गेल्या दहा वर्षांतील हजारो फोटो फोनमध्ये आहेत. हे सारे नीट राहावे म्हणून काय करावे? (पूर्व भागातील एक वाचक)

उत्तर : पेटी माळ्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली असेल, तर ती आजच खाली आणावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत कोकणाप्रमाणे बुरशीची भीती नाही, पण उन्हाळ्यातील उष्णता रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये झपाट्याने फिकी करते. कृष्णधवल निगेटिव्हमधील प्रतिमा चांदीची असल्यामुळे ती अधिक टिकते. आजोबांचे फोटो मुलांच्या बारशांच्या फोटोंपेक्षा ताजे दिसत असतील, तर त्यात नवल नाही. घरातील सर्वांत थंड खोलीतील कपाटाचा मधला कप्पा निवडावा आणि निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्यांऐवजी कागदी पाकिटांत ठेवाव्यात.

त्यांच्या डिजिटल प्रती काढण्यासाठी फोन टाळावा. क्लिक थ्रीच्या १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चौरस फोटो येत आणि ती निगेटिव्ह सहा सेंटिमीटर बाजूची असल्यामुळे तिच्यात साध्या लेन्सच्या मानाने पुष्कळ तपशील असतो. मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लावलेला कॅमेरा आणि खालून समान उजेड देणारी पांढरी पेटी असली, की कोणताही जाणता स्टुडिओवाला हे काम करून देईल. रंगीत रोल आधी करून घ्यावेत, कारण त्यांनाच घाई आहे.

फोनमधील हजारो फोटोंपैकी वर्षाला पन्नास निवडावेत. निवड न करता सगळेच जपायला गेले तर पुढच्या पिढीला त्यांतून काहीच सापडत नाही. मूळ फाइल फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने परत आलेली प्रत मूळ समजू नये, कारण पाठवताना ती आकुंचन पावते आणि तारखेसारखी माहितीही निघून जाते. निवडलेल्या पन्नासांचे प्रिंट काढावेत आणि मागच्या बाजूला कोण, कुठे, केव्हा हे मऊ पेन्सिलीने लिहावे. बॉलपेन वापरू नये, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.